मातीखालचे शेजारी

“मामी, तुमच्याकडे सॅलमँडर कुठे असतात?”

जूनचा तिसरा आठवडा होता. शिरूरच्या घरात मी पोळ्या लाटत होते आणि आदल्याच दिवशी अमेरिकेहून आलेली आमच्या वन्संची लेक ओट्याला टेकून उभी होती. वय वर्षे नऊ. मराठी छान बोलते, फक्त ‘ळ’ आला की जरा अडखळते. मला वाटलं, ही कुठल्या तरी खाऊचं नाव घेते आहे. म्हटलं, “बाजारात मिळालं तर आणू हं.” तर ती अशी खो खो हसत सुटली की मी तवा उतरवला आणि तिच्यासमोर पाटच मांडून बसले. म्हटलं, आता नीट समजावून सांग बाई.

तिने समजावलं. वन्सं राहतात त्या मॅसॅच्युसेट्स राज्यात घराच्या मागेच जंगल आहे. शरद ऋतूत झाडांची पानं गळून जमिनीवर जाड थर होतो. त्या पानांखाली, कुजलेल्या ओंडक्यांखाली पेन्सिलीहून बारीक, बोटभर लांबीचा एक प्राणी असतो. दिसायला पालीसारखा, पण पाल नव्हे. अंगावर खवले नाहीत, कातडी ओलसर आणि मऊ, पाठीवर तांबडा पट्टा. हा तांबड्या पाठीचा सॅलमँडर. शाळेतल्या बाई मुलांना घेऊन जातात, ओंडका हळूच उचलतात, खालचे सॅलमँडर मोजतात आणि ओंडका जसा होता तसा परत ठेवतात.

“आणि मामी, त्याला फुप्फुसंच नसतात!”

“मग श्वास कसा घेतो?”

“कातडीतून. म्हणून तर त्याला नेहमी ओलं राहावं लागतं.”

एवढंच नाही, तर बेडकासारखी याची अंडी पाण्यात नसतात. ओंडक्याखालच्या ओल्या खळग्यात मादी मोजकी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं करून आठवडेच्या आठवडे राखण बसते. आतून शेपटीवाले मासोळे येत नाहीत, तर आईचीच चिमुकली प्रतिकृती बाहेर पडते. हे ऐकून मला खरंच भरून आलं. बोटाएवढा जीव, पण बाळंतपणाची काळजी केवढी!

त्या मुलीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मी पुढे वाचूनही काढली. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं एक जंगल आहे. तिथल्या अभ्यासकांनी जंगलातल्या प्राण्यांची मोजदाद केली आणि ती १९७५ साली प्रसिद्ध केली. सगळ्या सॅलमँडरांचं मिळून वजन तिथल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भरलं आणि उंदीर-घुशींसारख्या लहान सस्तन प्राण्यांच्या बरोबरीचं निघालं. म्हणजे जंगलात जाणारा माणूस मान वर करून पक्षी बघतो आणि खरी वस्ती त्याच्या चपलेखाली असते. मोजलं म्हणून कळलं. नाहीतर कुणाला पत्ता होता?

आता प्रश्न आपल्या अब्रूचा होता. पाहुणी मुलगी विचारते आहे, “तुमच्याकडे काय असतं?” आणि मामी गप्प! मी मराठी विषयाची बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवते तेही मराठीच. तरी दोन दिवस पुस्तकं धुंडाळली. निष्पन्न असं निघालं, की पाण्यात आणि जमिनीवर राहणाऱ्या उभयचर प्राण्यांची तीन घराणी आहेत. पहिलं बेडकांचं, दुसरं शेपटीवाल्या सॅलमँडरांचं आणि तिसरं बिनपायाच्या देवगांडुळांचं. जगात सॅलमँडरांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत, पण त्यातल्या बहुतेक उत्तर गोलार्धातल्या थंड, दमट मुलखातल्या. भारतात ते सापडतात ते पूर्व हिमालयाच्या बाजूला. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्यांच्यासाठी अभयारण्यही आहे. तो विणीसाठी तळ्यावर येणारा. महाराष्ट्रात सॅलमँडर नाही.

देवगांडूळ मात्र आपल्या पुणे जिल्ह्यात आहे. खंडाळ्याला सापडलेल्या एका जातीचं वर्णन टेलर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली केलं. दिसायला थेट गांडूळ, पण पाठीचा कणा असलेलं. मात्र खंडाळा म्हणजे धो धो पावसाचा मुलूख. लोणावळ्या-खंडाळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला आमच्या शिरूर-दौंडला तो पाचशेच्या आसपास पडला तरी माणसं समाधान मानतात. घाटावरच सगळे ढग रिकामे होतात, आमच्या वाट्याला नुसता वारा. अशा ठिकाणी ओल्या कातडीचा प्राणी राहणार कसा?

मी आईला फोन केला. माझं माहेर दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला, गावाबाहेर माळावर. आई सगळं ऐकून म्हणाली, “तुमच्या त्या सॅलमँडरचं मला काही कळत नाही. पण मातीत राहणारं बघायचं असेल तर पोरीला इकडे घेऊन ये. मृग कोरडा गेला, आता आर्द्रा लागल्यात. एक पाऊस पडू दे, येतील सगळे वर.”

“कोण सगळे?”

“अगं, बेडकं! विसरलीस का?”

मी खरंच विसरले होते.

शनिवारी अर्धी शाळा उरकून आम्ही दोघी निघालो. आमच्या ह्यांनी, “बेडूक बघायला माहेरी? नवीनच निमित्त!” असा टोमणा मारलाच. शिरूर घोडनदीच्या काठी वसलेलं, म्हणून जुनी माणसं गावालाच घोडनदी म्हणतात. तिथून न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारा रस्ता दौंड तालुक्यात उतरतो. मैत्रिणींनो, हा काही सहलीचा रस्ता नव्हे. कुणी फोटो काढायला थांबत नाही. पाण्याची सोय झाली तिथे हिरवागार ऊस, बाकी मुरमाड माळ, बाभळी, निवडुंग आणि मधूनच नुकताच नांगरलेला काळ्या ढेकळांचा पट्टा. जूनच्या शेवटी पाऊस नसताना ही ढेकळं अशी दिसतात की त्यात जीव असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मुलगी खिडकीतून बघत होती. म्हणाली, “मामी, इथे तर पानंच नाहीत खाली.” मी म्हटलं, “थांब जरा.”

बस हलत होती तेव्हा तिला इनामगावची गोष्ट सांगितली. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती जमिनीखालून निघाली. त्यांच्या झोपड्या, धान्याच्या कणग्या, बार्लीचे दाणे, नदीचं पाणी वळवायला काढलेला कालवाही. घरात लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. दूर कुठे नाही, आईच्या पायाखाली. पुढे पाऊस कमी कमी होत गेला, शेती साधेना आणि वस्ती हळूहळू उठली, असं उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांचं मत. हे ऐकून मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे इथलं सगळं खालीच आहे.”

भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. पारगाव, मग केडगाव. हे केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. दुष्काळात पोरक्या झालेल्या किती मुली आणि विधवा त्यांनी इथे आणल्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण इथल्या रखरखाटात उभं राहिलं की त्या कामाचं मोल जास्त कळतं.

घरी पोहोचलो तर अंगणात मुरमाचा भलामोठा ढीग. मी विचारलं, हे काय? वहिनी म्हणाली, “तुमच्या दादांना विचारा.” तिच्या आवाजावरूनच कळलं, की विषय घरात तापलेला आहे.

झालं होतं असं. गेल्या साली दादाचा निम्मा कांदा सडला. ताडपत्रीखाली ठेवलेला, वळवाचा पाऊस आत शिरला आणि भाव येईपर्यंत काही उरलं नाही. सडका कांदा निवडून निवडून वहिनीच्या हातांचा वास महिनाभर जात नव्हता. म्हणून आता पक्की कांदाचाळ बांधायची हे दादाने मनावर घेतलं होतं. जागाही ठरली होती. रस्त्याकडेचा खोलगट तुकडा, जिथे दरवर्षी पावसाचं पाणी साचून डबकं होतं. “तिथे पीक काही येत नाही, नुसते डास होतात. मुरूम टाकून भरून घेतो. टेम्पो थेट चाळीला लागेल.” पाऊस लागला की ट्रॅक्टर आत येणार नाही, म्हणून मुरूम आधीच आणून टाकला होता. सोमवारी माणसं येणार होती.

दादाचं काही चूक नव्हतं. कांद्यावर घर चालतं. भाचीच्या प्राणिप्रेमासाठी भावाने नुकसान सोसावं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी काही बोलले नाही.

शनिवार कोरडा गेला. रविवारी दुपारी हवा अशी कोंदली की पंख्याखालीही जीव राहीना. चारच्या सुमारास पूर्वेकडून काळं भरून आलं, आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब आणि मग तासभर असा कोसळला की पन्हळीचा आवाज सोडून काही ऐकू येईना. मातीचा वास आला तशी आई ओसरीवर येऊन बसली. पाऊस थांबल्यावर आधी मृगाचे किडे दिसले, तांबड्या मखमलीचे थेंबच जणू. आर्द्रात आले तरी त्यांना आम्ही मृगाचेच म्हणतो. मग दिवा लावला तशी पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती भिरभिरू लागली. आई म्हणाली, “जेवण वाढलं बघ त्यांचं. आता येतील.”

साडेआठला डबक्याच्या बाजूने आवाज सुरू झाला. आधी एक, मग चार, मग मोजता येईनात इतके. आम्ही बॅटऱ्या घेतल्या, पायांत बूट चढवले (पहिल्या पावसात विंचूकाटा आणि सापही बाहेर पडतात, हे विसरू नये) आणि निघालो. दुपारपर्यंत जिथे भेगाळलेली माती होती तिथे घोटाभर पाणी आणि त्याच्या काठाने जिकडे बॅटरी मारावी तिकडे बेडूक! पिवळेजर्द झालेले मोठे बेडूक, ज्यांना पोरं सोनेरी बेडूक म्हणतात. नखाएवढे चिमुकलेही. आणि त्यांच्यामध्ये तो, ज्याच्यासाठी आई आम्हाला घेऊन आली होती.

रव्याच्या लाडवाएवढा आणि तसाच गोल. मान म्हणून नाहीच. पाय आखूड, डोळे मोठे, रंग बाजरीच्या भाजलेल्या भाकरीसारखा. मुलगी जवळ जाऊन उकिडवी बसली. आईने एकाला ओल्या हाताने उचललं आणि काठाच्या मऊ मातीवर ठेवलं. म्हणाली, “आता बघ गंमत.”

तो पळाला नाही. तिथेच बसून मागचे पाय आळीपाळीने बाजूला सारू लागला. डावा, उजवा, डावा, उजवा. माती दोन्हीकडे ढकलली जात होती आणि तो बसल्या जागी मागे मागे खाली चालला होता, आपल्याकडे बघत बघत. मिनिट-दोन मिनिटांत नुसते डोळे वर राहिले. मग तेही मिटले आणि वर माती सरकली. जागा दाखवूनही ओळखता येईना.

“मामी,” मुलगी हळू आवाजात म्हणाली, “तो जमीन नेसला.”

आता यातलं शास्त्र सांगते. या बेडकाच्या मागच्या पायाला, तळव्याच्या आतल्या बाजूने, फावड्यासारखा एक टणक उंचवटा असतो. तेच त्याचं अवजार. बेडकाला फुप्फुसं असतात, पण सॅलमँडरसारखाच तोही कातडीतून बराच श्वास घेतो. आणि पाणी तर तो तोंडाने पीतच नाही, पोटाखालच्या कातडीतून शोषून घेतो. म्हणून उघड्यावरचं ऊन त्याला परवडणारं नाही. अमेरिकेतल्या त्याच्या नातेवाइकाला पाचोळा आहे, ओंडके आहेत. इथे माळावर कसला पाचोळा? म्हणून याने मातीच पांघरली. वर्षाचे बरेच महिने तो खाली ओलीच्या आधाराने जवळजवळ निपचित असतो. पहिल्या पावसाला वर येतो, वाळवी, मुंग्या, भुंगेरे खाऊन घेतो, डबक्यात अंडी घालतो, पुढे ओल असेतो रात्री हिंडतो आणि मग परत खाली.

या कुळातल्या आपल्याकडच्या बेडकांना बरीच वर्षं एकाच नावाखाली धरलं जात होतं. २०१७ साली पुण्याच्या संशोधकांनी पश्चिम भारतातले हे बेडूक तपासून त्यांना वेगळं नाव दिलं, ‘स्फेरोथेका पश्चिमा’. नावांबद्दलची शास्त्रज्ञांची चर्चा पुढेही चालू राहिली, ती त्यांची त्यांना. मला मात्र गंमत वाटली ती ‘पश्चिमा’ या शब्दाची. आपल्या अंगणात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्याचं बारसं व्हायला २०१७ साल उजाडलं!

परत येऊन ओसरीवर बसलो तेव्हा आई आपणहून बोलू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. तिची आई, म्हणजे माझी आजी, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. विहिरी आटल्या, जनावरं विकली. पोरांनी कडुलिंबाचा पाला बांधून, मुसळाला बेडूक लटकवून दारोदार धोंडी काढली. “पण त्याला बेडूकसुद्धा मिळेना, इतकं कोरडं. मिळाला तो मेलेला. मला वाटलं, आता सगळेच मेले असतील. मग त्र्याहत्तरला पाऊस आला आणि त्या रात्री याच डबक्यात असाच आवाज. आई झोपेतून उठून बाहेर आली आणि रडायला लागली. मला वाटलं, आवाजाला भ्याली. तर म्हणाली, आहेत गं, आहेत अजून.”

दादा दारात उभा होता. त्याने हे कधी ऐकलं नव्हतं, मीही नव्हतं. आई घरातलीच, पण आम्ही तिला विचारलं कधी?

तरी एका आठवणीवर कांदाचाळ अडत नाही हेही खरं. ती अडवली वहिनीने आणि तीही व्यवहाराच्या मुद्द्यावर. सोमवारी सकाळी ती दादाला हात धरून डबक्यापाशी घेऊन गेली. “एका तासाच्या पावसात इथे घोटाभर पाणी. तुम्ही मुरूम टाकाल, पण सगळ्या रानाचं पाणी इकडेच उतरतं. ते जाणार कुठे? चाळीच्या खालीच मुरणार. कांद्याला खालून ओल लागली तर परत सडका निवडायला कोण बसणार? मी!” चाळ बांधायची ती उंचवट्यावर, लिंबाच्या अलीकडे, दोन्हीकडून वारा लागेल अशी, हे तिचं म्हणणं. टेम्पो तिथपर्यंत जाणार नाही, पाटीने पन्नास-साठ पावलं कांदा वाहावा लागेल. “तो मी वाहीन. पण सडका निवडणार नाही.”

दादाने डोकं खाजवलं, बांधावर दोन चकरा मारल्या आणि आलेल्या माणसांना मुरूम उंचवट्याकडे टाकायला सांगितला.

मी मंगळवारच्या शाळेसाठी परत शिरूरला आले. मुलगी तिथेच राहिली. रोज रात्री फोनवर वार्ताहर हजर! पाण्यावर अंडी दिसली, मग काळे ठिपके वळवळू लागले, मग शेपट्या आल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र रडवेला आवाज. पावसाने ओढ दिली होती. डबकं आटत आटत परातीएवढं उरलं होतं, मासोळ्यांना नुकते मागचे पाय फुटले होते, पुढचे यायचे होते. अशा डबक्यातल्या पिल्लांचं सगळं आयुष्य म्हणजे उन्हाशी शर्यत. पाय फुटून, शेपटी जिरून जमिनीवर येईपर्यंत पाणी टिकलं तर जगले. ही शर्यत ती शतकानुशतकं खेळत आली आहेत, काही वर्षं हरतात, काही जिंकतात. पण नऊ वर्षांच्या मुलीला शतकांचं काय सांगणार? मी आपलं, “पडेल गं पाऊस,” म्हणत राहिले.

तिसऱ्या दिवशी आवाज बदललेला. “मामी, पाणी आलं!”

“पाऊस पडला?”

“नाही, मामांनी सोडलं!”

दादाला विचारलं तर म्हणतो कसा, “कांद्याच्या रोपाला पाणी देत होतो. पाइप जरा तिकडे वळला.”

पाइप आपोआप वळत नसतो, हे काय मला कळत नाही? पण मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात पाऊस आला आणि महिनाअखेर डबक्याच्या काठाने हरभऱ्याएवढे बेडूक उड्या मारत होते. ऑगस्टमध्ये वन्सं लेकीला घेऊन परत गेल्या तेव्हा ते सगळे ओल्या रानात पांगले होते.

मैत्रिणींनो, आता थोडं कामाचं. पावसाळ्यात बेडूक न्हाणीघरात, स्वयंपाकघरात शिरतो आणि आपण किंचाळून मिठाची बरणी किंवा फिनेलची बाटली हातात घेतो. तसं करू नका. त्याची कातडी म्हणजेच त्याचं नाक आणि त्याचं तोंड. मीठ किंवा फिनेल टाकणं म्हणजे जिवंतपणी भाजणं. हात पाण्याने ओले करून किंवा ओल्या फडक्याने त्याला अलगद उचला आणि बाहेर झाडाखाली सोडा. मग हात साबणाने स्वच्छ धुवा, तोपर्यंत डोळ्यांना लावू नका. खरखरीत पाठीच्या भेकाच्या अंगातून निघणाऱ्या चिकाने डोळे चुरचुरतात. मुलांनी मासोळे बाटलीत भरून आणले तर नळाचं औषध टाकलेलं पाणी घालू नका. दोन दिवस बघून झालं की होते त्याच डबक्यात सोडायला लावा. शेतावर राहणाऱ्या बहिणींनी एवढं बघावं, की औषध फवारलेला पंप डबक्यात किंवा ओढ्यात धुतला जाणार नाही. दगड, लाकूड उचललं तर होतं तसं परत ठेवावं, हे मी आमच्या भाचीकडून शिकले.

आणि डासांची तक्रार असेल तर बेडूक आपल्याच बाजूचे, शेतातले किडे खाणारे. एके काळी आपल्या देशातून त्या मोठ्या पिवळ्या बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशात जेवणासाठी जात. बेडूक कमी झाले, शेतातले किडे वाढतात अशी ओरड झाली आणि १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. तंगड्या जाणं थांबलं. डबकी भरणं मात्र आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. बंगल्याचं आवार, रस्त्याकडेचा खड्डा, प्लॉट पाडण्यासाठी सपाट केलेला माळ, एक एक करून ती जागा जाते आणि आपल्याला काही गेल्याचं कळतही नाही, कारण जे गेलं ते आपण बघितलेलंच नसतं.

परवा भाचीचा फोन आला. तिकडे आता पानगळ सुरू झाली आहे. तिने वर्गात आपल्या बेडकाचं चित्र काढून दाखवलं. बाईंनी विचारलं, हा कुठे राहतो? तर हिने फळ्यावर लिहिलं, ‘दौंड’. ‘ड’ जरा तिरका आला म्हणाली. मग विचारते, “मामी, आत्ता ते काय करत असतील?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. परतीचा पाऊस संपून ऊन कडक झालं होतं, समोरच्या मोकळ्या जागेतली माती पांढरी पडू लागली होती.

म्हटलं, “आहेत गं. खाली आहेत.”